नदीपलीकडचे नार्वे : पेडणे-डिचोलीतील काही पायवाटा

गोमंतकाचा इतिहास पाहावयास निघालेला प्रवासी बहुधा जुने गोवे पाहतो, आग्वादच्या किल्ल्यावर जातो, मंगेशी-म्हार्दोळची देवदर्शने घेतो आणि आपला गोमंतक पाहून झाला असे समजून परततो. पेडणे व डिचोली हे दोन महाल त्याच्या वाटेवर फारसे येत नाहीत. आता तर मौज अशी, की जानेवारी २०२३ पासून मोपाच्या पठारावर विमाने उतरू लागल्यामुळे हजारो प्रवासी गोमंतकात पहिले पाऊल ठेवतात ते पेडणे महालातच. पण तासाभरात मोटारीत बसून ते शापोरा नदीचा पूल ओलांडतात आणि आपण कोणत्या भूमीवर उतरलो होतो याचा विचारही त्यांच्या मनात येत नाही.

परक्यांचे सोडून द्यावे. ज्यांच्या दहा-दहा पिढ्या या दोन महालांत नांदल्या, त्या आपल्या घराण्यांतील तरुण मंडळींना तरी आपल्या गावापासून दोन कोसांच्या परिसरात काय आहे हे कितपत ठाऊक असते? सेवानिवृत्तीनंतर आम्ही या प्रदेशात जे पायी हिंडलो, त्याचा थोडा वृत्तान्त येथे देत आहोत. या हिंडण्यातून एक गोष्ट आमच्या मनात पक्की झाली. येथील बहुतेक जुन्या स्थळांचा अर्थ लावू गेल्यास आपण एकाच प्रश्नापाशी येतो : नदी ओलांडून येथे कोण आले, आणि कशासाठी?

इंग्लंडमध्ये 'पॅरिश' नावाचे एक लहान ग्रामघटक आहेत. एक जुने चर्च, त्याभोवतीची दफनभूमी, एखादा पूल, एखादी गिरणी आणि शेतांच्या बांधांवरून जाणाऱ्या वाटा, एवढेच तेथे असते. पण या वाटांवर तेथील लोकांचा हक्क कायद्याने सुरक्षित आहे. १९४९ साली तेथे जो कायदा झाला, त्यानुसार जिल्ह्याजिल्ह्यांतील सार्वजनिक पायवाटांचे अधिकृत नकाशे करावयाचे ठरले. आणि वाटा शोधून नोंदवण्याचे प्राथमिक काम पुष्कळ ठिकाणी त्या त्या पॅरिशच्या लोकांनीच प्रत्यक्ष चालून केले. आमचे सरकारी आयुष्य जमिनीच्या कागदपत्रांत गेले असल्याने या गोष्टीचे आम्हांला विशेष वाटते. आमच्याकडे १९६८ चा जमीन महसूल कायदा झाला, मोजणी झाली, एक-चौदाचे उतारे तयार झाले. जमीन कोणाची, कूळ कोण, पीक कोणते, हे सारे त्यांत आले. पण देवाची पालखी ज्या वाटेने जाते, बायका ज्या वाटेने झरीवर जात असत, ती वाट पुष्कळदा कोणाच्याच उताऱ्यात नसते. ती केवळ चालणाऱ्यांच्या पायांत असते, आणि चालणारे कमी झाले की नाहीशी होते.

प्रारंभ नार्व्यापासून करणे योग्य होईल. डिचोलीहून मयेमार्गे निघाले, की कुळागरांच्या सावलीतून वाट हळूहळू मांडवीकडे उतरत जाते. जांभ्या दगडाच्या टेकडीच्या पायथ्याशी श्रीसप्तकोटीश्वराचे देवालय आहे. ते उंच नाही, भव्य नाही; घुमट, पुढचा मंडप, समोर दीपमाळ आणि जवळच काळभैरवाचे स्थान. पण कदंब राजांनी आपल्या बिरुदांत आणि नाण्यांवर ज्याच्या वरप्रसादाचा उल्लेख केला, तोच हा देव. त्याचे मूळ स्थान मांडवीच्या पलीकडे दिवाडी बेटावर होते. ते प्रथम बहमनी आक्रमणात भग्न झाले. विजयनगरच्या अमदानीत माधव मंत्र्याने ते पुन्हा उभारले. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ते पाडले. तेथील पैलूदार लिंग भाविकांनी नदी ओलांडून अलीकडे आणले. ज्या गावातून देव आला त्याचे नाव नार्वे, आणि जेथे तो स्थिरावला तेही नार्वेच. आज फेरीबोटीने पाच-दहा मिनिटांत एका नार्व्याहून दुसऱ्या नार्व्याला जाता येते. पलीकडे कोटितीर्थाची तळी अद्याप आहे. हे दोन्ही तीर एकाच दिवशी पाहावेत, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. देवाबरोबर गावाचे नावही उचलून आणणाऱ्या माणसांना मागे काय सोडावे लागले असेल, हे तळीच्या काठी उभे राहिल्यावर जितके समजते तितके कोणत्याही ग्रंथातून समजत नाही. गोकुळाष्टमीला नार्व्याच्या तीरावर स्नानासाठी जी गर्दी लोटते, तिलाही याच पार्श्वभूमीवर पाहावयास हवे.

शके १५९० मध्ये, म्हणजे इसवी सन १६६८ च्या कार्तिकात, शिवाजी महाराजांच्या आज्ञेने या देवालयाचे काम सुरू झाले, असे तेथील शिलालेख सांगतो. राज्य सरकारने अलीकडे केलेला जीर्णोद्धार पूर्ण होऊन ११ फेब्रुवारी २०२३ रोजी देवालय पुन्हा भाविकांसाठी खुले झाले. शिवरायांनी देवालय उभारले ही गोष्ट प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक असते. तथापि त्याच्या आदल्या वर्षी काय घडले, हे सहसा सांगितले जात नाही. महाराजांचा अंमल या भागात येताच कुडाळ, पेडणे, डिचोली येथील काही देसाई नदी ओलांडून पोर्तुगीजांच्या बारदेशात आश्रयास गेले होते. तेथून ते इकडच्या मुलखात उपद्रव देत. त्यांचा बंदोबस्त करण्यासाठी नोव्हेंबर १६६७ मध्ये महाराजांच्या फौजा बारदेशात शिरल्या, आणि डिसेंबरात पोर्तुगीजांशी तह झाला. म्हणजे ज्या नदीने छळाला कंटाळलेले देव आणि भक्त उत्तरेकडे आले, त्याच नदीने आपली वतने जाण्याच्या भीतीने काही सरदार दक्षिणेकडे गेले. आपल्या घराण्यांच्या कहाण्यांत पहिली गोष्ट मोठ्या अभिमानाने सांगितली जाते. दुसरी सांगितली जात नाही. इतिहास लिहावयाचा तर दोन्ही सांगावयास हव्यात. माणसे धर्मासाठी नदी ओलांडतात, तशीच ती वतनासाठी आणि जिवासाठीही ओलांडतात. पुष्कळदा एकाच घरात ही तिन्ही कारणे नांदत असतात.

नार्व्याहून परत डिचोलीत यावे. शहराच्या एका टेकडीवर नमाजगाह नावाची जुनी वास्तू आहे. तिच्या निर्मितीचा संबंध परंपरेने औरंगजेबाचा पुत्र अकबर याच्याशी जोडला जातो. बापाविरुद्ध बंड करून हा शाहजादा १६८१ मध्ये संभाजी महाराजांच्या आश्रयास आला आणि १६८३ च्या सुमारास काही काळ डिचोलीत राहिला. त्याच वर्षी नोव्हेंबरात विजरई कोंद द आल्व्होर याने फोंड्याच्या किल्ल्याला वेढा घातला. संभाजी महाराजांनी तो उधळून लावला आणि पाठोपाठ जुवे बेट घेतले. गोवे शहर हातचे जाण्याची वेळ आली होती. परंतु जानेवारी १६८४ मध्ये औरंगजेबाचा दुसरा पुत्र शहा आलम मोठी फौज घेऊन घाट उतरला आणि मराठ्यांना माघारी वळावे लागले. शहा आलमच्या फौजेने डिचोलीची धूळधाण केली. एका भावाने जेथे आश्रय घेतला तो गाव दुसऱ्या भावाने जाळला, असा हा प्रकार. टेकडीवर आज शांतता असते. संध्याकाळी तेथून खाली वस्ती दिसते, आणि तिच्या पलीकडे खाणींनी कापलेल्या लाल डोंगरकडा.

याच परिसरात लामगावची कोरीव लेणी आहेत. तेथून साखळीकडे गेले म्हणजे हरवळ्याचा धबधबा, श्रीरुद्रेश्वराचे देवालय आणि जांभ्यात कोरलेली प्राचीन लेणी एकाच फेरीत पाहता येतात. लोक त्यांना पांडवांची लेणी म्हणतात. आतील दालनांत शिवलिंगे आहेत, आणि एका लिंगावरील लहानसा संस्कृत लेख ती किती जुनी आहेत याची साक्ष देतो. साखळीजवळच कुडण्याला जैन बस्तीचे अवशेष आहेत. वाळवंटीच्या काठी कारापूर येथे राणे घराण्याशी निगडित विठ्ठलाचे देवालय आहे. पंढरीची वाट लांब पडते म्हणून पंढरीच येथे आणली, अशी त्यामागील श्रद्धा आहे. लेणी कोरणारे, जैन व्यापारी, विठ्ठलाचे भक्त, हे सारेच येथे कोठून तरी आलेले. सोळाव्या शतकात आलेली आपली घराणी स्वतःला 'जुनी' म्हणवतात. हरवळ्याच्या दालनात उभे राहिल्यावर हा जुनेपणा किती अलीकडचा आहे, हे ध्यानात येते.

डिचोली आणि पेडणे या दोन महालांना जोडणारी एक लोककथा येथे सांगितली पाहिजे. सात बहिणी व त्यांचा एक भाऊ या भूमीत आले, अशी ती कथा. शिरगावची लईराई, मुळगावची केळबाई, मयेची महामाया, पेडणे महालातील मोरजीची मोरजाई या त्यांतील बहिणी. आणि म्हापशाची मिलाग्रीस सायबीण हीसुद्धा त्यांचीच बहीण, पूर्वाश्रमीची मिराबाई. लईराईच्या आणि मिलाग्रीसच्या उत्सवात तेल-फुलांची देवघेव होत आली आहे. वैशाख शुद्ध पंचमीला शिरगावच्या जत्रेत धोंड अग्निदिव्य करतात, तेव्हा त्यांच्यामागे उभ्या असलेल्या जनसमुदायात सर्व धर्मांचे लोक असतात. नदी ओलांडताना काही कुटुंबे दुभंगली. एक भाऊ अलीकडे आला, एक पलीकडे राहून ख्रिस्ती झाला. इतिहासाच्या कागदांवर ती ताटातूट कायमची ठरली. लोकांनी मात्र आपल्या देवतांना बहिणी-बहिणी ठेवून नाते शिल्लक राखले. या एका कथेत जे शहाणपण आहे ते आम्हांला कोणत्याही तहनाम्यात आढळले नाही.

आता पेडणे महालाकडे वळू. कोलवाळचा पूल ओलांडला की धारगळ लागते. येथील श्रीशांतादुर्गा ही बारदेशातील सांगोल्ड्याहून आलेली देवी. पेडणे शहरात श्रीभगवतीचे देवालय आहे. त्याच्या दर्शनी भागी उभे असलेले दगडी हत्ती पाहावयास लहान मुलांना अवश्य न्यावे. दसऱ्यानंतरच्या पुनवेस येथे जो उत्सव होतो, त्यास सिंधुदुर्गातूनही लोक येतात. राज्यांची सीमा देवीच्या भक्तांना कधी आड आली नाही. जवळच देशप्रभूंचा विस्तीर्ण वाडा आहे. मराठेशाहीतील वतन आणि पोर्तुगीज राजाने दिलेली व्हिस्कोंद ही पदवी या दोन्ही गोष्टी ज्या घराण्यात एकत्र आल्या, त्याचा हा वाडा. आमच्या प्रदेशाचा दोन दरबारांशी असलेला संबंध एकाच वास्तूत पाहावयाचा तर तो येथे दिसतो.

पेडण्याहून आत शापोरा नदीच्या काठी हळर्णचा किल्ला आहे. किल्ला लहानसाच, सावंतवाडीकर भोसल्यांच्या ताब्यात असलेला. ५ मे १७४६ रोजी विजरई पेद्रु मिगेल द आल्मेद याने तो जिंकला, आणि या पराक्रमाबद्दल पोर्तुगालच्या राजाने त्यास 'मार्केझ द आलोर्न' ही पदवी दिली. आलोर्न म्हणजे आमचे हळर्ण! पुढे त्याची नात याच नावाने पोर्तुगीज साहित्यात थोर कवयित्री म्हणून प्रसिद्ध झाली, आणि पोर्तुगालात आल्मेरीं येथील एका मोठ्या द्राक्षमळ्याला आजही हेच नाव आहे. लिस्बनच्या सरदारघराण्यात मानाने मिरवलेले हे नाव नदीकाठच्या एका आडगावाचे आहे, हे हळर्णच्या पोरांना शाळेत कोणी सांगते की नाही, कोण जाणे. किल्ल्याची अलीकडे डागडुजी झाली आहे. तटावरून नदीचे वळण आणि पलीकडची माडांची रांग दिसते. थंडीच्या दिवसांत सकाळी येथवर चालत येणे हा मोठा आनंद आहे.

हे भाग पुढे पुन्हा वाडीकरांकडे गेले आणि शेवटी डिचोली, साखळी १७८१-८२ मध्ये व पेडणे १७८८ मध्ये कायमचे पोर्तुगीजांकडे आले. यांनाच 'नव्या काबिजादी' म्हणतात. तोवर काळ बदलला होता. इन्क्विझिशनचा जोर ओसरला होता, आणि येथील लोकांच्या धर्मात व रूढींत हस्तक्षेप न करण्याचे धोरण राज्यकर्त्यांनी स्वीकारले होते. १८२४ मध्ये तर या प्रदेशाच्या चालीरीतींची स्वतंत्र संहिताच त्यांनी तयार केली. आपली देवालये उभी राहिली, घरांत मराठी पोथ्या वाचल्या गेल्या, हिशेब मोडीत लिहिले गेले, याचे श्रेय आपल्या पूर्वजांच्या निष्ठेला आहेच. पण ते या दोन अडीच शतकांच्या अंतरालाही आहे. हीच सत्ता १५४० मध्ये येथे आली असती तर काय झाले असते, याचे उत्तर दिवाडीच्या तळीत आहे.

या भूमीत केवळ येणेच घडले असे नाही. येथून बाहेर जाणेही घडले. महादजी शिंद्यांचे विश्वासू सेनापती जिवबादादा बक्षी हे पेडणे महालातील केरीचे. १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईत त्यांनी पराक्रम गाजवला. संतकवी सोहिरोबानाथ आंबिये यांचे घराणे पालयेचे. विर्नोडा येथील सरकारी महाविद्यालय आज त्यांच्या नावाने ओळखले जाते. हरमलच्या किनाऱ्यावरून डोंगरकड्याने केरीपर्यंत पायी जाता येते. डावीकडे सागर, उजवीकडे पठार. केरीला आजोबा देवस्थानापाशी थोडे विसावून फेरीबोटीने तेरेखोल नदी ओलांडावी. पलीकडचा तेरेखोलचा किल्ला मूळचा खेम सावंतांचा. १७४६ मध्ये तोही पोर्तुगीजांनी घेतला. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेद आफोन्सो यांच्या नेतृत्वाखालील सत्याग्रहींच्या तुकडीने या किल्ल्यावर तिरंगा फडकवला. पुढच्या वर्षी याच दिवशी देशभरातून आलेल्या सत्याग्रहींवर सीमेवर ठिकठिकाणी गोळीबार झाला. पत्रादेवी येथे पंजाबचा तरुण शिक्षक कर्नैलसिंग बेनिपाल धारातीर्थी पडला. पत्रादेवीचे हुतात्मा स्मारक महामार्गालगत आहे. वाहने वेगाने जातात, थांबणारी थोडी. ज्याचा या भूमीशी वतनाचा, कुळाचा, भाषेचा कोणताही संबंध नव्हता, तोही सीमा ओलांडून येथे आला होता. नदी ओलांडून आलेल्यांच्या मालिकेत त्याचे नाव आपण मानाने घेतले पाहिजे.

आता थोडे कटू सत्य. डिचोली महालात गेल्या शतकाच्या उत्तरार्धात लोहखनिजाच्या खाणी वाढल्या. घरोघरी पैसा आला, मुले शिकली, हे नाकारता येत नाही. परंतु शिरगाव, मुळगाव, मये या भागांतील कित्येक टेकड्या गेल्या, झरी आटल्या, आणि त्यांवरून जाणाऱ्या वाटाही गेल्या. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, मध्यंतरी काही सुरू झाल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या, आणि लिलावानंतर २०२४ पासून डिचोलीच्या पट्ट्यात खाणकाम पुन्हा सुरू झाले आहे. पेडण्यात विमानतळ, रुंदावलेला महामार्ग आणि जमिनींना आलेले भाव यांनी तेच काम वेगळ्या रीतीने चालवले आहे. जुन्या वाटेवर कुंपण पडते, फाटक लागते. हरकत घ्यावयास गेलेल्या गावकऱ्यास वाटेचा पुरावा मागितला जातो, आणि पुरावा नसतो. सरकारी टेबलाच्या पलीकडे बसून हा संवाद आम्ही अनेकदा ऐकला आहे. गावकरी म्हणे, 'साहेब, आमचे आजे-पणजे ह्याच वाटेन चलत आयले.' त्याचे म्हणणे खरे असे. परंतु आजे-पणजे नोंद करून ठेवत नाहीत.

म्हणून या लेखाच्या निमित्ताने आपल्या वाचक-कुटुंबांना एक विनंती करावीशी वाटते. आपल्या देवस्थानांत महाजनांच्या याद्या आहेत. १९३३ च्या नियमावलीखाली त्या जपल्या गेल्या. कोणत्या घराण्याला कोणता मान, याबद्दल आपण न्यायालयापर्यंत भांडतो. त्या उत्साहाचा थोडा अंश वाटांसाठी खर्च करावा. प्रत्येक घराण्याने एक-दोन पानांचे टिपण करावे : आपण कोणत्या गावाहून आलो असे वडीलधारी सांगत, कोणत्या ठिकाणी नदी ओलांडली, देव बरोबर आणला असल्यास तो वाटेत कोठे विसावला, पालखीची वाट आज कोणत्या बांधावरून जाते, कोणती घुमटी, कोणती तळी, कोणता वड तिच्या कडेला आहे. नकाशा काढता आला तर उत्तम. हातात मोबाइल असलेल्या नातवाला बरोबर घेऊन एकदा ती वाट चालावी. तो स्थाननोंदी करील, आजोबांनी नावे सांगावीत. अशी टिपणे ग्रामपंचायतीत, वाचनालयात आणि आपल्या या संस्थेकडे द्यावीत. त्यांना लगेच कायद्याचे बळ येणार नाही, हे आम्ही जाणतो. तरी पुढे कोणी पुरावा मागितला तर दाखवावयास एक कागद तरी असेल.

हिंडावयास पावसाळा संपल्यानंतरचे दिवस चांगले. पावसात जांभा दगड शेवाळतो आणि पाय घसरतो. बरोबर पाणी असावे. कुळागरातून जाताना मालकाला हाक मारून जावे. बहुधा तो स्वतःच पुढची वाट दाखवावयास येतो, आणि त्याच्याकडून त्या वाटेची अशी एखादी माहिती मिळते की जी कोणत्याही पुस्तकात नाही. ती त्याच दिवशी, घरी आल्याबरोबर लिहून ठेवावी.